न पाहिलेल्या चाळीस सकाळी

तिसऱ्या वर्षाला भूगोलाचा प्रकल्प होता, आणि माझ्या वाट्याला आलेलं काम इतकं सोपं होतं की वर्गातल्या मुली माझा हेवा करायच्या. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर एक दगड ठरवायचा, त्यावर खूण करायची, आणि सलग चाळीस दिवस रोज सकाळी सात वाजता त्या दगडापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. सोबत, त्या दिवशी काठावर जे दिसेल ते चार ओळींत लिहायचं. बस्स. आमचं घर बारामती तालुक्यातल्या सांगवीत, पण माझे मामा इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे, अगदी पाण्याच्या काठाला राहतात. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी हे काम मला दिलं. "तुला तर घरात बसून करता येईल," त्या हसून म्हणाल्या होत्या.

हे जानेवारीतलं बोलणं. एप्रिलअखेरपर्यंत वही द्यायची होती.

त्या दिवशी एसटीतून घरी येताना मी वेळापत्रक केलं. वेळापत्रक करण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. चार रंगांची पेनं, पट्टीने आखलेल्या चौकटी, प्रत्येक तासाचा हिशेब. ते पूर्ण झालं की मला अर्धं काम झाल्यासारखं वाटायचं, आणि खरी अडचण तिथेच होती. वेळापत्रक सोमवारपासून सुरू व्हायचं. सोमवारी काहीतरी व्हायचं. मग पुढचा सोमवार. त्यात एखादा दिवस चुकला की सगळं वेळापत्रकच खराब झालं असं वाटून मी नवीन करायला घ्यायचे.

लोक मला आळशी म्हणत नव्हते, कारण मी रिकामी कधी दिसत नव्हते. जे करायचं ते टाळण्यासाठी मी दुसरी पन्नास कामं करायचे. फेब्रुवारीत एका रविवारी मामांकडे जायचं ठरलं होतं, तर मी सकाळपासून आईचा मिक्सर उघडून त्याच्या खाचांमधली घाण दातकोरणीने काढत बसले. वडील एमआयडीसीतल्या दूध कारखान्यातून पाळी संपवून आले. मला तशी बसलेली पाहून म्हणाले, "आज इंदापूरला जायचं होतं ना?" मी म्हणाले, "उद्या." हेल्मेट खुंटीला अडकवताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ते आठवतं.

होळी झाली आणि मोजून चाळीस-बेचाळीस दिवस उरले. आता पळवाट नव्हती. मी बॅग भरून मामांकडे गेले. मापाची टेप घेतली, खुणेसाठी गेरू घेतला, नवी दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव, विषय, स्थळ लिहिलं. उद्यापासून पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते.

मामांचा दिवस पहाटे पाचला म्हशींच्या धारांनी सुरू व्हायचा. सातच्या आत दूध डेअरीवर पोहोचवायचं. मी उठायचे तेव्हा ते परत येऊन दुसरा चहा घेत असायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "काय गं, तुझं ते पाण्याचं?"

"उद्यापासून, मामा. आज जरा डोकं दुखत होतं."

"म्हशीला उद्या म्हणून बगितलं मी एकदा. ऐकत न्हाय ती." ते हसले. मामीही हसली. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गजर बंद करून झोपले.

काठ घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर होता. दुपारी जाऊन निदान दगड तरी ठरवायचा, तर तेही झालं नाही. ऊन आहे, मग जेवण झालंय, मग संध्याकाळी काय उपयोग, मोजायचं तर सकाळीच आहे. हातात फोन असला की तास कुठे जातो ते कळत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण मला दोष फोनला द्यायचा नाही. फोन नसता तर मी मामीच्या बरण्या घासल्या असत्या. खरं असं होतं की जितके दिवस वाया जात होते तितकी त्या काठाची मला भीती वाटायला लागली होती. तिथे गेले असते तर किती दिवस गेले ते मोजावं लागलं असतं.

असे एकोणीस दिवस गेले. त्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मामा-मामी उसाला पाणी द्यायला गेले होते. मी वही काढली आणि चाळीसच्या चाळीस नोंदी लिहून टाकल्या.

फक्त मागच्या नाही, पुढच्याही. एकदा खोटं लिहायचंच आहे तर निम्मं कशाला सोडा, असा माझा विचार. तीन वेगवेगळी पेनं वापरली, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसेल. एका पानावर चहाचा थेंब पाडला. एका पानाच्या कोपऱ्याला अंगणातली माती चोळली. अंतर रोज दोन फुटांनी वाढवत नेलं, मध्ये कुठे दीड, कुठे अडीच. ज्या कामाला मी तीन महिने घाबरत होते ते तीन तासांत झालं, आणि लिहिताना मला मजा येत होती हे कबूल केलं पाहिजे.

अडचण आली ती चार ओळींच्या वर्णनाची. न पाहिलेला काठ चाळीस वेळा कसा लिहिणार? पक्षी, होड्या, उघडी पडलेली जमीन, सगळं दहा नोंदींत संपलं. म्हणून मी काठावर एक म्हातारा आणून बसवला. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर आडवी काठी. त्याला 'आबा' म्हटलं. मग सोपं झालं. विसाव्या दिवशी लिहिलं, 'जुन्या घराच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या. आबांनी वेळ विचारली.' अठ्ठाविसाव्या दिवशी लिहिलं, 'आबा आज पाण्याकडे पाठ करून बसले.' तेहतिसाव्या दिवशी, 'आबांनी नावाने हाक मारली.' शेवटी शेवटी हात दुखायला लागला होता, त्या म्हाताऱ्याचाही कंटाळा आला होता. सदतिसाव्या दिवशी लिहिलं, 'आबा आले नाहीत. त्यांची काठी गाळात उभी आहे.' आणि पुढच्या तिन्ही दिवसांना नुसतं 'वरीलप्रमाणे'.

वही बंद केली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा मी त्या रात्री शांत झोपले असते. पण संध्याकाळी मॅडमचा सगळ्यांना मेसेज आला. उद्यापर्यंत प्रत्येकीने आपल्या निरीक्षणाच्या जागेचा फोटो पाठवायचा. खुणेचा दगड दिसला पाहिजे.

म्हणून विसाव्या दिवशी सकाळी, हातात गेरूचा डबा घेऊन, मी पहिल्यांदा त्या काठावर गेले.

ऊस संपला आणि एकदम सगळं उघडं झालं. इतकी मोठी सपाट जागा मी कधी पाहिली नव्हती. पावसाळ्यात इथे पाणी असतं, आता ते लांब मागे सरलं होतं आणि मधे राखाडी गाळ पसरला होता. त्यावर पांढरे शिंपले, हाडांच्या चुऱ्यासारखे. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेली बाभळीची काळी खोडं. वारा नव्हता. दूर उथळ पाण्यात पन्नासेक रोहित पक्षी उभे होते, पण एकही आवाज नव्हता. माझ्या पायाखालचे शिंपले फुटत होते, तेवढाच आवाज. मी थांबले की तोही थांबायचा.

आणि काठाला एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर आडवी काठी.

मी जागच्या जागी उभी राहिले. खेडेगावात टोपी-धोतरातला म्हातारा दिसणं यात काय नवल, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्याच्या पलीकडे नजर गेली. गाळातून दगडाची एक पायरी वर आली होती. तिच्या खाली दुसरी. तिसरी पाण्यात होती.

"किती वाजलं, पोरी?" म्हाताऱ्याने मागे न बघता विचारलं.

मी फोन बघितला. "सात, आबा."

"आज आलीस व्हय."

"तुम्हाला काय माहीत मी येणार होते?"

आता त्यांनी मान वळवली. चेहरा साधा होता, उन्हाने रापलेला, डोळ्यांत फूल पडल्यासारखा पांढुरका ठिपका. "तुझा मामा म्हणला हुता होळीला. भाची यायची हाय मोजायला. मी रोज बगत हुतो, कधी येतीस ते."

म्हणजे एकोणीस दिवस ते वाट बघत होते. एका दगडाला गेरू लावला, फोटो काढला आणि जवळजवळ पळतच घरी आले.

मामीला विचारलं तर तिला यात विशेष काही वाटलं नाही. "ते व्हय? जुन्या गावातलं हायेत. धरणाचं पाणी आलं तवा समदं गाव वर आलं. त्यांचं घर बुडालं तितं. उन्हाळा आला की जाऊन बसत्यात." मग म्हणाली, "तू लहानपणी यायचीस तवा मामा तुला खांद्यावर घेऊन जायाचा काठाला. बगितलं असशील की आबास्नी तवाच."

असेल. मला आठवत नाही, पण तसं असेल. पायऱ्याही तेव्हाच पाहिल्या असतील. दिवसभर मी स्वतःला हेच समजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गजर व्हायच्या आधीच मला जाग आली. तेव्हापासून मी रोज गेले. मी सुधारले होते असं नाही. वहीत लिहिलंय तसं होतं की नाही, ते बघितल्याशिवाय मला राहवत नव्हतं. कारण काही का असेना, जायची सवय मात्र लागली. पहिले दोन दिवस पाय ओढत नेले, मग ते आपसूक चालायला लागले. मामांच्या धारा सुरू असतानाच मी निघायचे. निघताना पूर्ण चाळीस दिवसांचा विचार करायचा नाही, नुसती चप्पल पायात घालायची, एवढं मला जमायला लागलं. इतकी वर्षं मी जे रंगीत चौकटींत शोधत होते ते एवढंच होतं.

खऱ्या नोंदी मी वहीच्या मागच्या बाजूने लिहायला घेतल्या. अंतराचे आकडे माझ्या खोट्या आकड्यांशी जुळेनात. पाणी रोज दोन फूट सरकत नव्हतं. तीन दिवस जागचं हलायचं नाही आणि चौथ्या दिवशी एकदम वीस फूट मागे गेलेलं असायचं. पक्षीही जुळत नव्हते. बरं वाटायचं. पण आबांच्या बाबतीत लिहिलेलं जुळत होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी ते पाण्याकडे पाठ करून बसले होते. मी लांबूनच पाहिलं आणि भरभर चालत त्यांच्याजवळ गेले. एवढ्या दिवसांत ते एकदाही असे बसले नव्हते.

"आबा, आज असे का बसलात?"

"डोळं चमकत्यात पाण्यानं," ते म्हणाले. बस, एवढंच. कारण अगदी साधं होतं. पण मी तर ते नऊ दिवस आधी लिहिलं होतं.

त्या दिवसांत ते थोडंथोडं बोलू लागले. गाव हलवायची नोटीस आली तेव्हा त्यांच्या संसाराचं नुकतंच कुठे बस्तान बसलं होतं. सगळे सामान वर नेत होते. यांनी बहुतेक नेलं. बायकोच्या माहेराहून आलेला पाटा-वरवंटा होता. पाटा जड, म्हणून तो गाडीत आधी घातला. वरवंटा उंबऱ्याच्या आतल्या कोनाड्यात राहिला.

"ती म्हणली, तेवढा घ्या. मी म्हणलं, उद्या दाराची चौकट न्यायला येणारच हाय, तवा आणतो. दुसऱ्या दिशी पावणं आलं. तिसऱ्या दिशी म्हणलं, पाणी अजून लांब हाय." ते बोटाने हवेत एक रेघ ओढत होते. "चौथ्या दिशी आलो तर हितं पाणी. उंबऱ्याच्या वर."

"मग?"

"मग काय. माझ्या दोन पोरांची बारशी त्योच वरवंटा पाळण्याखालनं फिरवून झालेली. तिसऱ्याच्या बारशाला शेजारचा मागून आणला. ती काय बोलली न्हाय. कधीच बोलली न्हाय. पाटा अजून हाय घरात. त्येच्यावर दुसरा वरवंटा तिनं कधी फिरवला न्हाय."

बायको जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. पाणी कुठल्या वर्षी किती उतरेल याचा नेम नव्हता. वरच्या वाटेवरून घराकडे उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याचदा दिसायच्या, तळाचा उंबरा क्वचित. यंदा पाणी खूप उतरणार असं आबा म्हणत होते आणि तिसरी पायरी उघडी पडली तेव्हा ते काठी टेकत उठून उभे राहिले.

तेहतिसाव्या दिवशी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. मी त्यांना नाव कधी सांगितलं नव्हतं. मामांनी सांगितलं असणार. पण आदल्या दिवशीपर्यंत ते 'पोरी'च म्हणत होते.

त्या संध्याकाळी मी वही उघडून सदतिसावी नोंद पुन्हा वाचली. 'आबा आले नाहीत. त्यांची काठी गाळात उभी आहे.' खाली तीनदा 'वरीलप्रमाणे'. माझंच अक्षर, माझंच निळं पेन. ते पान फाडून टाकावं असं वाटलं. मग वाटलं, फाडलं तर वही सुटेल, शिवण ढिली होईल, उद्या नीट ब्लेडने कापू.

हे मी लपवणार नाही. मनात एवढी भीती असतानाही मी 'उद्या' म्हणाले.

चौतीस, पस्तीस गेले. छत्तिसाव्या दिवशी उंबरा दिसायला लागला. काळा, लांबट दगड, कडेला चौकटीच्या खाचा. त्याच्या आणि काठाच्या मध्ये वीस पावलं गाळ. वरून तो वाळून भेगाळला होता, भाकरीसारखा. "वरनं वाळलाय, आत ओला हाय," आबाच म्हणाले. "अजून दोन दिस जाऊ द्यायला पायजेल."

मला त्यांना सांगायचं होतं, उद्या येऊ नका. जिभेवर आलेलं होतं. पण कसं सांगणार? मी तुम्हाला न बघताच तुमच्याबद्दल लिहिलं, आणि उद्या तुम्ही नसाल असंही लिहिलं? मला ते वेडी म्हणतील, किंवा खोटारडी. उद्या लवकर येऊ, त्यांच्या आधी येऊन उभं राहू आणि मग सांगू, असं ठरवून मी घरी आले.

रात्री झोप लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या किती वेळ तो उंबरा डोळ्यांपुढे होता कोण जाणे. पहाटे कधीतरी डोळा लागला. गजर वाजला असणार. तो मी बंद केला असणार. मामीने हलवून उठवलं तेव्हा सव्वासात झाले होते.

"आज गेली न्हाईस व्हय?"

मी अनवाणीच पळाले. उसाच्या बांधावरून पळताना पायात काय काय घुसलं ते नंतर कळलं. काठावर आले. ते नेहमी बसायचे तो दगड रिकामा होता. पुढे गाळात त्यांची काठी उभी होती. आडवी पडलेली नाही, कुणीतरी मुद्दाम रोवल्यासारखी उभी.

रोहित पक्षी तसेच उभे होते. एकही आवाज नव्हता. मला आठवतं, त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो पुढच्या तीन नोंदींचा. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.

मग उंबऱ्याच्या डाव्या बाजूला पांढरं काहीतरी हललं. टोपी होती. आबा कमरेच्या वरपर्यंत गाळात होते. दोन्ही हातांनी त्यांनी उंबऱ्याचा दगड धरला होता. ओरडत नव्हते. ओरडायची ताकद संपली असावी.

मी त्यांच्याकडे धावले तर चौथ्या पावलाला माझाच पाय गुडघ्यापर्यंत गेला. कसाबसा उपसून मागे आले आणि मग मात्र ओरडले. अशी ओरडले की ते सगळे पक्षी एकदम उडाले. लांब पाण्यात दोघं जण जाळी गोळा करत होते. त्यांनी होडी वळवली. ते पाण्याच्या बाजूने आले, होडीतली फळी गाळावर टाकली, तिच्यावर पालथं पडून एकाने आबांच्या काखेतून दोर घातला. एवढ्यात मामाही मोटारसायकलवरून पोहोचले. मला अनवाणी पळताना पाहून मामीने त्यांना फोन करून डेअरीवरून बोलावून घेतलं होतं. गाळ आबांना सोडत नव्हता. किती वेळ लागला सांगता येणार नाही, त्या दिवशी मी घड्याळ पाहिलंच नाही.

बाहेर काढल्यावर ते थंडगार होते. मामांनी त्यांना शर्टात गुंडाळलं. त्यांची नजर माझ्यावर आली.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, "आठ वाजलं, आबा. कधी उतरला हुता आत?"

"सहाला. म्हणलं, पोरगी सातला येतीच. अडकलो तर ती हाय."

ही एक ओळ मी कुठेच लिहिलेली नव्हती.

त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोन दिवस ताप होता, मग उतरला आणि त्यांना घरी आणलं. तिसऱ्या दिवशी, माझ्या चाळिसाव्या दिवशी, मी काठावर जाऊन मोजमाप केलं आणि तिथून थेट त्यांच्या घरी गेले. ते खाटेवर बसून पेज पीत होते. सून आत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. वहीचं, खोट्या नोंदींचं, सदतिसाव्या दिवसाचं. आदल्या दिवशी सांगायचं होतं आणि सांगितलं नाही, तेही.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"सांगितलं असतंस तरी गेलो असतो मी," शेवटी म्हणाले. "चाळीस वर्सं जायचं हुतं." मग माझ्याकडे बघत, जरा हळू आवाजात, "माझं म्होरं काय लिवलंय का त्यात?"

"नाही, आबा. काही नाही लिहिलेलं."

"लिवू नगंस."

त्यांनी पुन्हा वाटी उचलली. वरवंटा सापडला का ते मी विचारलं नाही. गाळातून काढलं तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं, एवढं मी पाहिलं होतं.

वही घेऊन मी बारामतीला गेले. एसटीत निम्म्या वाटेवर पुन्हा तेच सुरू झालं, मॅडमना पुढच्या आठवड्यात भेटू, आधी नीट मुद्दे लिहून काढू. काटेवाडीचा थांबा आला तेव्हा मी फोन काढून मॅडमना मेसेज पाठवला, "मी आत्ता येतेय, खोट्या नोंदींबद्दल बोलायचंय." आता परत फिरता येणार नव्हतं, आणि मला तेच हवं होतं.

मॅडमनी वही दोन्ही बाजूंनी पाहिली. खोट्या बाजूवर त्यांनी फार वेळ घालवला नाही. "हे मला पहिल्या पानावरच कळलं असतं," त्या म्हणाल्या. "रोज दोन फूट? पाणी इतकं शिस्तीत वागत नाही. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की ते एकदम उतरतं, नाहीतर बसून राहतं." मग त्या मागच्या बाजूच्या एकोणीस खऱ्या नोंदी वाचू लागल्या. सदतिसाव्या दिवसाची जागा मी कोरी सोडली होती. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हा दिवस?"

"त्या दिवशी मोजलं नाही, मॅडम."

त्यांनी कारण विचारलं. मी आबा अडकल्याचं सांगितलं, वहीत आधी काय लिहिलं होतं ते सांगितलं नाही. ते त्यांनी स्वतःच पान उलटून वाचलं. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्यांनी वही मिटली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवली, जरा घाईनेच, असं मला वाटलं.

गुण निम्मे मिळाले. त्या वर्षी मी दुसऱ्या श्रेणीत पास झाले. वर्गातल्या मुलींना वाटलं, सोपा प्रकल्प असून हिने वाया घालवला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता मी बारामतीतच एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. टाळाटाळ पूर्ण गेली असं म्हणणार नाही. अजूनही कठीण धडा आला की मला टेबल पुसावंसं वाटतं. पण वेळापत्रक मी करत नाही. सकाळी पुस्तक उघडून पहिला परिच्छेद वाचते, मग दुसरा. पुढच्या दिवसाबद्दल कागदावर काही लिहायचं झालं की माझा हात थांबतो. मैत्रिणी हसतात, उद्याचं काम साधं टिपून ठेवत नाही म्हणून. मी त्यांना कारण सांगितलेलं नाही.

आबा आहेत अजून. मुलांनी त्यांचं काठावर जाणं बंद केलंय, ते ओसरीवर बसतात. गेल्या महिन्यात मामांकडे गेले होते तेव्हा मी एकटीच पाण्यावर जाऊन आले. पाणी भरपूर होतं, पार उसाच्या बांधाला लागलेलं. माझा गेरूचा दगडही खाली कुठेतरी होता. मी पाचेक मिनिटं उभी राहिले. मामीने घरी चुलीवर भाकरी टाकल्या असतील, असा विचार करून वळले आणि वाटेत एकदाही मागे पाहिलं नाही.